मॅडमच्या नळ्या

आमच्या गल्लीतल्या मॅडमचं काहीही सांगून झालं की त्या उजव्या हाताचं बोट नाकाच्या शेंड्यावर टेकवायच्या आणि म्हणायच्या, “पण भाऊ, दिसलं म्हणजे आहेच, असं नाही बरं का.” भाजीवाली मेथी ताजी म्हणाली तरी हेच, कॉलेजात केमिस्ट्री शिकवतानाही हेच. अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. त्यांच्याशी दोन मिनिटं बोललं की आपण घराला कुलूप लावलं होतं की नाही, याचीही शंका येते.

मी गुरांच्या दवाखान्यात नोकरीला. द्रव नायट्रोजनच्या कॅनमध्ये वळूचं गोठवलेलं बीज घेऊन दापोऱ्यापासून देडतलाईपर्यंत गावोगाव गायींच्या मागे हिंडतो. एक दिवस मॅडम दवाखान्यात आल्या आणि नायट्रोजन मागू लागल्या.

“गाय कोणती आहे?” मी विचारलं.

“गाय नाही हो. केळी.”

मी आमच्या डॉक्टर साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी माझ्याकडे. शेवटी साहेबांनी पडून असलेला एक जुना कॅन त्यांना वापरायला दिला, आणि तो भरत राहण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं.

थंडी वाढली की आमच्याकडे केळीवर चरका येतो, पानं पिवळी पडून वाळतात. मॅडमचं म्हणणं, त्याच्या आधीच पानात फ्री रॅडिकल तयार होतात. म्हणजे एक इलेक्ट्रॉन एकटा पडलेला आणि शेजाऱ्याला ओरबाडायला निघालेला कण. जन्मला की डोळ्याचं पातं लवायच्या आत संपला. मग तो पकडायचा कसा? तर मॅडम पान वाटताना त्यात एक औषध घालायच्या. त्याला त्या सापळा म्हणायच्या. कण सापळ्याला चिकटला की जरा टिकतो. तेवढ्यात नळी नायट्रोजनमध्ये बुडवून गोठवायची. पुढे मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत ती चुंबकाच्या यंत्रात ठेवली की कागदावर शिखरं उमटतात, आणि त्यांच्यावरून कण ओळखायचा.

“म्हणजे उंदराचा चिकट पुठ्ठा,” मी म्हणालो.

“अगदी तसंच!”

मला वाटलं, समजलं. असं वाटण्याची ती पहिली आणि शेवटची वेळ.

भल्या पहाटे आम्ही दापोऱ्याच्या बागेत जायचो. मॅडम स्वेटरवर साडीचा पदर खोचून पानं कापायच्या. बागवाला कान झाकून उभा. “मॅडम, ह्या पानात काय भेटनार तुम्हाले? दवाई सांगा ना, दवाई.” त्या म्हणायच्या, “दवाई नंतर, दादा. आधी बीमारी तर बघू द्या.” तो माझ्याकडे असा बघायचा, जणू मीच त्यांना फूस लावून आणलं होतं.

संसार, मुलगा, सासूबाईंचं आजारपण, यात मॅडमची पीएच.डी. पन्नाशीपर्यंत लांबली होती आणि त्या वर्षी मुदत संपत होती. प्रयोगशाळेतून कागद आला तेव्हा त्यावर चार शिखरं होती, मधली दोन उंच, कडेची ठेंगणी. हवा तोच कण! मॅडमनी अख्ख्या गल्लीत मावा जिलेबी वाटली. त्यांना इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मग कोऱ्या नळीचा कागद आला. कोरी म्हणजे पान न घालता नुसता सापळा. तिच्यात काहीच दिसायला नको होतं. तिच्यातही तीच चार शिखरं होती, जरा बुटकी. आदल्या उन्हाळ्यात लाइट जाऊन औषधाचा फ्रीज बंद पडत होता, त्यात ते आपोआप बिघडलं असावं.

“म्हणजे तुमचा पुठ्ठाच उंदरासारखा दिसायला लागला!” मी म्हणालो. मॅडम हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. माझी जीभ कधी कधी गप्प बसत नाही.

त्यांचे गाइड फोनवर म्हणाले, कोरीचं वजा करा आणि प्रबंध देऊन मोकळ्या व्हा. मॅडम म्हणाल्या, “किती वजा करू, सर? कोणत्या दिवशी औषध किती बिघडलं होतं, मला काय ठाऊक?”

“मग मॅडम, पानात ते होतं की नव्हतं?” मी विचारलं.

“माहीत नाही, भाऊ.”

प्रबंध दिलाच नाही. मुदत गेली. गल्लीत कुणी म्हणालं मॅडम नापास झाल्या, कुणी म्हणालं डोकं फिरलं. मला त्यांचा राग आला, कौतुकही वाटलं. कोणतं खरं, ते अजून ठरत नाही.

पुढच्या थंडीत त्या सापळ्याच्या औषधाची नवी बाटली घेऊन हजर.

“आता कशाला, मॅडम? डिग्री तर गेली.”

“म्हणूनच तर. आता घाई कुणाला आहे? चला.”

या खेपेला त्यांनी कोरी नळी सगळ्यांत आधी भरली, मग पानांच्या. सगळ्या जुन्या कॅनमध्ये बुडवल्या. प्रयोगशाळेचा नंबर लागायला वेळ होता. त्याच्या आतच, संक्रांतीच्या तोंडावर, मॅडम झोपेत गेल्या.

पुण्याहून मुलगा आला. त्यानं कॅनकडे बोट दाखवलं. “काका, यात काय आहे?” मला सांगता येईना. मी म्हणालो, “कदाचित काहीच नाही.” तो म्हणाला, मग टाकून द्या. गाइडसाहेब म्हणाले, आता तपासायचं कुणाच्या नावावर? आमचे साहेबही म्हणतात, कॅन मोकळा कर.

सगळ्यांचंच बरोबर आहे. पण पातं लवायच्या आत संपणारी ती वस्तू, असलीच तर, अजून तिथे आहे, आणि मॅडम नाहीत. हे गणित मला सुटत नाही. मला त्यांची फार आठवण येते, एवढंच कळतं. आज नायट्रोजनची गाडी आली. नळ्या बुडेपर्यंत मी आधी तो कॅन भरला आणि मग वळूंचे भरले.