सवतीची हळद

आई आमच्या जुन्या जीपला सवत म्हणायची. वडील सकाळी उठून आधी तिचं बॉनेट उघडायचे आणि मग चहा मागायचे, म्हणून. मांजरसुंब्याजवळच्या आमच्या गावातून दोघं तिच्यातून केजच्या बाजाराला भाजी न्यायची. रेडिएटर जुना, कुठून ना कुठून गळायचाच. गळती वाढली की आई घरच्या हळदीची मूठ आणून त्यात टाकायची. हळद फुगून भोकात बसते आणि पाणी थांबतं, हा आमच्याकडचा सर्रास चालणारा उपाय. "सवतीला हळद लावते गं," असं मला सांगून ती हसायची आणि वडील ऐकू न आल्यासारखं करायचे.

आई गेली तशी गळती पुन्हा सुरू झाली. वडिलांनी हळदीला हात लावला नाही. त्यांनी गाडी दारात उभी केली आणि स्वतः ओट्यावर बसले. भाजी व्यापाऱ्याला जागेवरच देऊन टाकायची, दोन घास खायचे, पुन्हा ओटा. फोनवर विचारलं की "बरं हाय" एवढंच. मला धडकी भरली. असा बसलेला माणूस बसूनच संपतो, हे मी शेजारीपाजारी पाहिलेलं. गाडी सुरू झाली तर माणूस उठेल, असं माझ्या डोक्यानं घेतलं. मी पडले तोंडाळ, एकदा धरलं की सोडत नाही. केजहून माहेरी गेले आणि म्हणाले, "आबा, रेडिएटर नवा टाकायचा. मी ऐकणार न्हाई."

"हाय त्यो कावून काढायचा?"

"गळतोय म्हणून."

माझ्यापुढं त्यांचं कधीच काही चाललं नाही.

पाणी ओतत ओतत आम्ही गाडी मांजरसुंब्याला नेली. मिस्त्रीनं रेडिएटर उतरवून आडवा केला तसा पिवळा गाळ बाहेर आला. "लई हळद कोंबलीय, काका. जाळी पार चोंदलीय," तो म्हणाला. वडिलांनी गाळात बोट बुडवलं, बराच वेळ त्याकडं बघत राहिले आणि मग पायजम्याला पुसलं. मला रडू आवरेना. आई जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि तिच्या हातची हळद गॅरेजपुढच्या नालीतून वाहत होती. मी पलीकडच्या ढाब्यावर जाऊन तोंड धुऊन आले.

नवा रेडिएटर बसला. वडील म्हणाले, "चल बाई, तुला केजला सोडतो." मी मनातून सुखावले. कितीतरी महिन्यांनी ते स्टिअरिंगवर बसले होते. तापमानाचा काटा जागचा हलत नव्हता. मी चिडवलं, "बघा, सवत कशी गुमान चाललीय." ते हसले नाहीत.

नेकनूर मागं पडल्यावर एका पुलाजवळ त्यांनी गाडी बाजूला घेतली. उतरून बॉनेट उघडलं आणि माझ्याकडं न बघताच हात मागं केला. "पाणी दे."

"आबा, आता पाणी लागत न्हाई. गाडी तापलीच न्हाई."

हात जरा वेळ तसाच राहिला, मग खाली आला. बॉनेट लावून ते पुलाच्या कठड्यावर बसले. मीही शेजारी जाऊन बसले.

"हळद घातली तरी तापायचीच," ते म्हणाले. "दर बाजाराला हितं थांबावं लागायचं. इंजन गार होस्तोवर आमी बसायचो. गाडीत आवाजानं काय बी ऐकू येत न्हवतं. तिला जे काय बोलायचं ते ती हितं बोलायची."

थोड्या वेळानं ते उठले, मला घरापर्यंत पोचवलं आणि चहाही न घेता परत गेले.

त्यानंतर त्यांनी गाडी बाहेर काढली नाही. मी फोनवर रागावते, विनवते, बाजारच्या दिवशी मुद्दाम जेवायला बोलावते. ते म्हणतात, "येतो की." गाडी दारात उभी आहे. रेडिएटर थेंबभरही गळत नाही, आणि वडील ओट्यावर बसलेले आहेत.