न खाल्लेल्या फळाचं अत्तर

आमचं दुकान अत्तराचं होतं आणि माझ्या बायकोला अत्तर सोसत नव्हतं. एवढं एक वाक्य लिहिलं की माझ्या संसाराची अर्धी हकिकत सांगून होते.

बऱ्हाणपुरात आमच्या घराण्याचं हे दुकान वडिलांच्याही आधीपासून चालत आलेलं. वाळा, केवडा, मोगरा, हिना, सगळं चंदनाच्या तेलात उतरवलेलं. लग्न ठरवताना तिच्या माहेरच्यांना वाटलं, मुलगी सुगंधात नांदेल. सुगंधात नांदायचं म्हणजे काय ते तिला पहिल्या आठवड्यातच कळलं. मी दुकानातून आलो आणि ती कपाळ धरून आतल्या खोलीत जाऊन पडली. अर्धशिशी. खिडकीला गोधडी लावायची, सुंठेचा लेप घालायचा आणि कोणी मोठ्याने बोलायचं नाही.

तेव्हापासून मी अंगणातच बंडी काढू लागलो. डाळीचं पीठ लावून अंघोळ करायची, धुतलेलं धोतर नेसायचं, मगच उंबरा ओलांडायचा. तरी कानामागे, नखांत वास राहायचाच. ती कधी बोलली नाही. नुसती पाटावरून थोडी लांब सरकायची. ते सरकणं मला फार लागायचं. मुळात माझा स्वभावच असा की शेजारच्याचं दूध उतू गेलं तरी मला वाटतं, आपल्याकडूनच काही चुकलं असेल. इथे तर दोष खरोखरच माझ्या धंद्याचा होता. माझ्या भावाच्या मुलीच्या लग्नात बायको मांडवात न बसता माडीवरच्या अंधारात पडून राहिली होती. बायका म्हणायच्या, "अत्तरवाल्याची बायको बघा, वासाला भिते!" ती हसायची.

आमच्या मुलीचं लग्न बहादरपूरच्या केळीवाल्या घरात ठरलं आणि हा जुना प्रश्न अंगावर आला. आमच्याकडे विहिणीच्या हाताला अत्तर लावायचं ते मुलीच्या आईनेच, स्वतःच्या हाताने. आणि अत्तरवाल्याच्या घरच्या लग्नात ते अत्तर कसं असावं, हे सगळं गाव बघणार.

वडील म्हणाले, "त्या दिवशी आपल्याच दुकानाचं अत्तर लागलं नाही, तर दुसऱ्या दिवशी कुलूप लाव आणि चावी तापीत टाक."

बायकोने मला वेगळंच सांगितलं. "अहो, अत्तराचं काय करायचं ते करा. पण पोरगी सासरी निघेल तेव्हा मला दारात उभं राहायचंय. तिला जाताना बघायचंय. तेवढं जमवा."

दिवाळीनंतर मी कामाला लागलो. एकेक अत्तर हलकं करून काडीच्या टोकाने तिच्या मनगटाला लावायचो आणि समोर बसून तिच्या कपाळाकडे बघायचो. केवड्याला ती हात झटकून उठलीच. वाळ्याची मला आशा होती, कारण उन्हाळ्यात दाराला लावलेल्या वाळ्याच्या ताट्या तिला आवडायच्या.

"ताटीतला वाळा गार करतो," ती म्हणाली, "तुमच्या कुपीतला डोक्यात खिळा ठोकतो."

"मग आता हे बंद करू या. तुला उगाच त्रास."

"त्रास रोजचाच आहे. निदान कामाचा तरी होऊ दे. लावा पुढचं."

पुढचं लावलं की तिची एक संध्याकाळ अंधारात जायची. आणि माझी उंबऱ्यावर.

जर्मनांशी झालेल्या लढाईनंतर त्यांचा माल पुन्हा मुंबईत यायला लागला होता. पौषात एक फिरता विक्रेता पेटी घेऊन आमच्या दुकानात आला. पेटीत ओळीने लहान लहान बाटल्या. फुलाशिवाय फुलाचा वास, फळाशिवाय फळाचा वास, सगळं कारखान्यात केलेलं. वडिलांनी तोंड फिरवून बाहेर रस्त्याकडे बघायला सुरुवात केली. विक्रेत्याने एका बाटलीचं लांबलचक नाव घेतलं आणि म्हणाला, "हे फळाचं आहे. सप्ताळू, साहेब ज्याला पीच म्हणतो. पॅरिसच्या बायका याच्यावर जीव टाकतात."

वडील रस्त्याकडे बघतच म्हणाले, "तुम्ही खाल्लंय सप्ताळू?"

"मी? नाही बुवा. आमच्या साहेबाने खाल्लंय."

"मग साहेबालाच पाठवायचं ना दुकानात!"

मला हसू आलं, पण मी ती बाटली ठेवून घेतली. फुलांची सगळी अत्तरं लावून झाली होती. फळ राहिलं होतं. विक्रेता जाताना म्हणाला, "अगदी थेंबाचाही थेंब घ्या." आम्ही अत्तरवाले असलं ऐकत नसतो. वस्तू नुसती हुंगायची, कशात मिसळायची नाही, कापसाचा फाया बुडवून कानात ठेवायचा आणि दिवसभर हिंडायचं, ही आमची परीक्षा. जे असं टिकेल ते अस्सल. मी तसाच फाया बुडवला आणि कानात ठेवला.

खवट खोबरेल! जुन्या तुपाची बरणी उघडल्यासारखा वास. दुपारपर्यंत गिऱ्हाइकं विचारू लागली, "शेठ, दुकानात काय नासलं?" वडिलांनी उत्तर द्यायची जबाबदारी आनंदाने घेतली. "पॅरिस नासलं," ते म्हणायचे.

मी फाया फेकला, कान धुतला, घरी येऊन नेहमीप्रमाणे अंगणात बंडी काढली. फाया कानातून बंडीच्या खांद्यावर ठिबकला होता तिथे डाग पडला होता. ही बंडीही तिलाच धुवावी लागणार म्हणून मला शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी मी दुपारी जेवायला आलो तर ती दोरीजवळ उभी होती. वाळलेली बंडी तिच्या हातात होती आणि तोंड त्या बंडीत होतं. मला बघून तिने बंडी खाली केली नाही.

"काल बंडीत आंबे बांधून आणले होते का?"

"पौषात आंबे कुठले?"

"मला काय ठाऊक? तुमची बंडी." तिने पुन्हा हुंगलं. "पाडाचा आंबा. नाही, जरा दुधासारखंही आहे काहीतरी."

इतक्या वर्षांत माझा कपडा तिने आपणहून नाकाशी धरला तो हा पहिलाच. मी जेवायचं विसरून तिच्या कपाळाकडे बघत उभा राहिलो. ती म्हणाली, "बघता काय? दुखत नाहीये."

डाग साबणाने, राखेने धुऊन धुऊन जो वास उरला होता, तोच खरा होता. विक्रेता खरं सांगत होता आणि आम्ही आमच्या सवयीने त्या बाटलीतलं भांडंभर वाढून घेतलं होतं.

मग आमच्या ओसरीवर जे चाललं ते दुकानात कधी झालं नव्हतं. काडीचं टोक त्या बाटलीत बुडवायचं आणि चंदनतेलाच्या कुपीत फिरवायचं. त्या कुपीतलं थोडंसं दुसऱ्या कुपीत. ती मनगट नाकाशी नेऊन म्हणायची, "अजून कमी." मी पुन्हा कमी करायचो. "अजून." शेवटी मला स्वतःला काहीच वास येईना. वडिलांना दाखवलं तर ते म्हणाले, "हे नुसतं चंदन आहे. अरे, यात घातलंस काय?"

ती म्हणाली, "मामंजी, आता आलंय ते."

मुलीने आईचा हात हुंगला आणि म्हणाली, "आई, आटवलेल्या दुधात कोणी आंबा पिळलाय." वडिलांनी आणखी एकदा नाक लावलं, डोळे मिटले आणि बराच वेळ मिटलेलेच ठेवले. "असेल बुवा," म्हणाले. त्यांच्याकडून एवढी कबुली म्हणजे पुष्कळच.

फाल्गुनात लग्न होतं. मांडव गल्लीत घातला होता, मावा जलेबीची कढई सकाळपासून तापत होती आणि मी फार वर्षांनी निश्चिंत होतो. अत्तरदाणीत फळाचं अत्तर भरलेलं. बायकोच्या मनगटालाही तेच. तिचं कपाळ स्वच्छ.

पहिले पाहुणे आले ते आमचे जुने गिऱ्हाईक, जरीच्या तारेचे व्यापारी. त्यांनी मला मिठी मारली आणि हात माझ्या नाकासमोर धरला. "ओळखा! तुमच्याच दुकानाची हिना. कधीची जपून ठेवली होती. म्हटलं, आज नाही लावायची तर कधी?"

त्यांच्यामागून कापडवाले आले, केवड्यात भिजून. मग वकीलसाहेब, टोपीच्या काठापर्यंत मोगरा. जो येईल तो माझ्या मानासाठी, प्रेमापोटी, माझ्याच दुकानाचं सगळ्यात कडक अत्तर चोपडून आला होता. मी बायकोच्या मनगटाचा विचार केला होता, गावाचा केलाच नव्हता. इतकी वर्षं मी ते अत्तर विकलं होतं आणि आज ते सगळं एकदम माझ्या दारात परत आलं होतं.

वडील खुर्चीत बसून खुशीत होते. "क्या बात है! बघ, सगळं गाव आपलं नाव अंगाला लावून आलंय!"

मी आत धावलो. ती दोन्ही हातांच्या बोटांनी कानशिलं दाबत उभी होती.

"मी सगळ्यांना हात धुवायला सांगतो," मी म्हणालो.

"काय?"

"दारात घंगाळ ठेवतो. साबण ठेवतो. म्हणतो, रीत आहे आमच्याकडे."

"अत्तरवाला पाहुण्यांना अत्तर धुवायला सांगणार? लोक म्हणतील, मुलीच्या लग्नात बाप भ्रमिष्ट झाला." तिचा चेहरा उतरला होता, तरी तिला हसू येत होतं. "ती कुपी कुठाय? तुमच्या फळाची?"

मी कुपी दिली. तिने कापसाचा बोळा त्यात भिजवला, शालूच्या पदराच्या टोकात बांधला आणि ती गाठ नाकाशी धरून दोन-चार खोल श्वास घेतले. "चला," म्हणाली. आणि तशीच, पदर नाकाला लावून मांडवात गेली.

मंगलाष्टकं झाली, पंगती बसल्या, पण पदर खाली आला नाही. बायका एकमेकींना खुणा करू लागल्या. आमच्या विहीणबाई मोठ्या अघळपघळ, मोठ्या आवाजाच्या. त्या तिच्याजवळ येऊन पाठीवरून हात फिरवू लागल्या.

"इहीणबाई, सकाळपासून रडता! अवो, पोरगी अजून मांडवातच हाय. संध्याकाळसाठी ठेवा ना थोडं पाणी डोळ्यात!"

"हो," बायको पदराआडून म्हणाली.

"बहादरपूर काय विलायत हाय का? टांग्यात बसलं की आलंच. मनात येईल तेव्हा या."

"हो."

"किती माया बाई!" विहीणबाईंनी स्वतःचेच डोळे पुसले. ते बघून आणखी दोघीतिघी रडू लागल्या. मी लांबून हे सगळं बघत होतो आणि लोक फुकट रडताहेत याचाही दोष माझ्याकडेच येतो की काय, असं मला वाटत होतं.

मग अत्तराची वेळ आली. बायकोने डाव्या हाताने पदर नाकाशी तसाच धरून ठेवला आणि उजव्या हाताने विहीणबाईंच्या मनगटाला अत्तर लावलं. सगळ्या बायका वाकून बघत होत्या. विहीणबाईंनी हात नाकाशी नेला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय? हा तर आमच्या केळीच्या खोलीचा वास!"

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मला कुलूप, चावी आणि तापी, तिन्ही दिसली.

"केळी पिकायला घालतो ना आम्ही," विहीणबाई म्हणाल्या, "चार दिवसांनी पहाटे दार उघडलं की अस्साच वास येतो अंगावर." त्यांनी दुसरा हात पुढे केला. "याला पण लावा. आजवर मेली फुलंच लावली लोकांनी. आमच्या घराचं अत्तर कोणी केलं नव्हतं. कशाचं हाय हे?"

बायकोला पदर सोडून बोलता येईना. तिने डोळ्यांनी मला खूण केली. या जागी दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, तुमच्याच केळीचं, खास तुमच्यासाठी केलं. मलाही ते सुचलं होतं. पण माझ्या तोंडून निघालं, "सप्ताळूचं. जर्मनीत कारखान्यात करतात. मी ते फळ कधी खाल्लेलं नाही."

विहीणबाई एवढ्या मोठ्याने हसल्या की आचाऱ्याने कढईवरून मान वर केली. "खरं बोलणारा व्याही मिळाला, बाई! आता पोरीची चिंता नाही मला."

संध्याकाळी, उजेड होता तेव्हाच, पाठवणी झाली. गल्लीच्या तोंडाशी बैलांची दमणी उभी होती. मुलगी आईच्या पाया पडायला वाकली आणि सगळ्या बायकांनी एका वेळी डोळ्यांना पदर लावले. तेवढ्यात माझ्या बायकोने दिवसभर धरलेला पदर खाली सोडला. मुलीला उठवून जवळ घेतलं आणि तिच्या केसांत नाक खुपसून एक लांब श्वास घेतला. मग दारात ताठ उभी राहिली. डोळे कोरडे, चेहरा उघडा. भोवती हिना होती, केवडा होता, मोगरा होता.

"अगं बाई, आता नाही रडत?" विहीणबाई चकित होऊन म्हणाल्या.

"आता बघायचंय," ती म्हणाली.

दमणी हलली, सराफ्याच्या कोपऱ्याला वळली, बैलांच्या घुंगरांचा आवाज कमी होत गेला. ती उभीच होती. मी तिच्या मागे उभा राहून तिच्या मानेकडे बघत होतो. पुढे होऊन कपाळ बघायचा मला धीर होत नव्हता.

शेवटचे पाहुणे मला कवटाळून गेले आणि आम्ही ओसरीवर आलो. मी विचारलं, "डोकं?"

"ठणकतंय." ती भिंतीला टेकून खाली बसली. "पण गाडी वळेपर्यंत दिसली मला ती. वळताना तिने मागे पाहिलं, तेही दिसलं."

मी काही बोलणार होतो. क्षमेसारखंच काहीतरी असणार. तिने नाकाशी पदराची गाठ धरली आणि दुसऱ्या हाताने मला अंगण दाखवलं.

"गावभराच्या मिठ्या घेऊन आलात. ती बंडी काढा आधी."

मी अंगणात जाऊन बंडी काढली आणि बंब पेटवला.