व्हॅनमधला स्पॅनिश रेसर

आम्हाला शारजा ते दुबई रोज ऑफिसला नेणाऱ्या व्हॅनचा तो ड्रायव्हर. सहा वर्षं गावी गेला नव्हता. डॅशबोर्डवर पेपरातून कापलेला फोटो होता, फॉर्म्युला वन जिंकलेल्या तरुण स्पॅनिश रेसरचा. ट्रॅफिक थांबला की हा अंगठ्यानं फोटोचा डावा कोपरा पुसायचा.

एका संध्याकाळी तासभर एकाच जागी अडकलो. मी दमलेलो, फोटोकडे बोट करून वैतागून म्हणालो, "ये देखो कितना भागता है. और हम?"

"भागके वो भी वहीं आता है साब, जहाँ से निकला था." मग शांतपणे म्हणाला, "पर वहाँ उसका बाप खड़ा रहता है."

मी फोटो नीट पाहिला. रेसरच्या चेहऱ्यावर धूळ साचली होती. डाव्या कोपऱ्यात उभा त्याचा बाप मात्र पुसून पुसून पांढरा पडला होता.