सुरी कोणी धरायची

माझ्या पुतण्याने चौकात डीजे लावून वाढदिवसाचा केक तलवारीने कापला, तेव्हा त्याच्या पायात अजून रॉड होता. फोटो मला धुळ्याला मोबाईलवर आला. मी शाळेतून निवृत्त झालेली बाई, तोंडावर ताबा नाही. लगेच फोन लावला, "अरे, एवढी लांब तलवार आणि केक अर्ध्या किलोचा?" तो हसला नाही. "फुई, तुले यामधलं काही समजत नही," म्हणाला. आमच्या खानदेशात आत्याला फुई म्हणतात, आणि फुईला काही समजत नाही हे घरात सर्वमान्य आहे.

त्याच्या आदल्या पावसाळ्यात हाच मुलगा हायवेवर मोटरसायकलसकट ट्रकखाली जाता जाता वाचला होता. दवाखान्याच्या पायरीवर बसून माझ्या वहिनीने गावच्या मरीमायला बोकड बोलला. पोरगा हिंडूफिरू लागला, तसा नवस फेडायचा ठरला. आखाडातला मंगळवार धरला आणि मी आदल्या दिवशीच धरणगावकडच्या आमच्या गावी जाऊन पोचले. भाऊ गेल्यापासून त्या घरात वहिनीचा शब्द चालतो. निदान मी तरी तसं समजत होते.

आमच्या गावात मरीमायचा बोकड मुलाण्याच्याच हातून कापला जातो. मुलाणी म्हणजे गावातलं मुसलमान घर. त्याने सुरी फिरवल्याशिवाय आमची जुनी माणसं मटणाला शिवत नसत. मुंडी आणि शिधा त्याच्या घरी जाई. आताचे मुलाणी सत्तरीच्या पुढचे आहेत, सगळं गाव त्यांना चाचा म्हणतं. माझ्या लहानपणी त्यांचे वडील यायचे. देवी आमची आणि सुरी त्यांची, यात काही नवल आहे असं तेव्हा कोणाला वाटलं नाही.

यंदा मात्र पुतण्याने चुलीपाशीच जाहीर केलं, "औंदा चाचा नको." थोड्याच महिन्यांपूर्वी जवळच्या एका गावात दगडफेक झाली होती. दगड मिरवणुकीवर पडले की मिरवणुकीतून पडले, यावर अजून एकमत नाही. पण तेव्हापासून पोरांच्या मोबाईलवर दुसरं काही येतच नव्हतं. "आपली देवीसमोर त्यासना हात कसाले?" तो म्हणाला. वहिनीने विचारलं, "मंग कोन कापी?"

"मी कापसू. नवस मनासाठेच शे ना?"

मी तोंड उघडलं, तर वहिनीने डोळ्यांनी दाबलं. मरणाच्या दारातून आलेला मुलगा, त्याला ती आता कशालाच नाही म्हणत नाही. मला तिचा रागही आला आणि कीवही आली. नवस फिटला नाही तर देवी दिलेलं परत मागेल, ही एकच भीती तिच्या पोटात होती. ती तिने मला भाकरी थापता थापता सांगितली आणि वर म्हणाली, हसू नको. मी हसले नाही.

चाचांच्या घरी कोणी सांगायलाच गेलं नाही. दुसऱ्या दिवशी डफ वाजवत बोकड त्यांच्याच दारावरून गेला. चाचा ओट्यावर बसले होते. वहिनीने पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली. मलाही त्यांच्याकडे बघवलं नाही.

मरीमायचं देऊळ नाल्याकाठी निंबाखाली आहे. वहिनीने बोकडाला कुंकू लावलं, डोक्यावर पाणी सोडलं. बोकडाने अंग झाडलं. अंग झाडलं की देवीने स्वीकारला. सगळे मागे सरकले, मित्रांनी मोबाईल वर धरले आणि पुतण्या जळगावहून आणलेली नवीकोरी सुरी घेऊन पुढे झाला.

बोकड सरळ त्याच्याजवळ गेला आणि त्याच्या खिशाला तोंड लावून हुंगायला लागला. पाय प्लास्टरमध्ये असताना पोरगा महिनोन्महिने अंगणात खाटेवर पडून होता, आणि खिशातल्या बाभळीच्या शेंगा या बोकडाला खाऊ घालण्याशिवाय त्याला दुसरा उद्योग नव्हता. त्याने सुरी खाली धरली, पुन्हा उचलली. पुन्हा खाली धरली. कोणीतरी मागून फिसकन हसलं. "तू ये ना मंग," म्हणत त्याने सुरी त्याच्यापुढे धरली. हसणाऱ्याची बायको गरोदर निघाली, त्याला कापाकापी वर्ज्य. दुसऱ्याचा मंगळवार होता. तिसऱ्याच्या गळ्यात माळ होती, ती मला त्या दिवशी पहिल्यांदाच दिसली, आणि मटणाला मात्र तो दरवर्षी पहिल्या पंगतीला असतो. तलवारीवाली सगळी फौज, आणि सुरी घेणारा एक नाही.

मला हसू येण्याऐवजी रडूच आलं. आमच्या देवीचं रक्त सांडायचं काम आम्ही पिढ्यानपिढ्या एका घरावर सोपवलं, आमचे हात कोरडे ठेवले, आणि आता त्याच हातांना आम्ही हिंसक म्हणत होतो. पुतण्याचा मला राग येत नव्हता. तो घामाघूम होऊन बोकडाच्या मानेवर हात ठेवून उभा होता. त्याच्याकडून ते होणार नव्हतं, आणि हे मला त्याच्याबद्दल कळलेलं सगळ्यात चांगलं होतं.

"चाचाले बलावा," वहिनी म्हणाली. कोणी हललं नाही. तेव्हा तीच निघाली, मागोमाग मी.

चाचा अजून ओट्यावरच होते. वहिनी पायरीशी उभी राहून म्हणाली, "चाचा, मनी चूक झायी. चला."

ते म्हणाले, "येवाले मी कव्हा बी येसू, माय. पन आते भ्याव वाटस. मना पोऱ्या म्हनस, दुसराना देवनं काम कसाले करतस? तुमना पोऱ्या म्हनतस, मुसलमान कसाले? अन् मी सुरी धरी, कोनी फोटो काढा, तं त्यानाखाले काय लिखतीन कोनले मालूम शे? फोटोमा मरीमाय कोनी दखत नही. मना हात अन् सुरी, तेवढंच दखतस."

वहिनी पदराने डोळे पुसत उभी राहिली. बोकड बांधलेला, नवस अर्धवट, आणि आम्ही दोघी त्यांच्या दारात. शेवटी चाचाच उठले. आत जाऊन त्यांनी त्यांची सुरी आणली, फडक्यात गुंडाळलेली.

आम्ही देवळापाशी पोचलो, तशी पोरं बाजूला सरकली. दोघातिघांचे मोबाईल हातात तसेच होते. चाचांनी ते पाहिलं आणि सुरीवरचं फडकं सोडलंच नाही. त्यांनी पुतण्याला हाक मारली, "इकडे ये, बापू. पाय तू धर."

"दुसरा कोनी धरी ना."

"नही. तूच धर. फोटो निंघना तं दोन्हीसना निंघू दे."

पुतण्याने मित्रांकडे पाहिलं. उद्या चौकात काय काय ऐकावं लागेल, ते त्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं. वहिनीने हात जोडले होते. देवीला की मुलाला, मला सांगता येणार नाही. मग तो खाली बसला. रॉडचा पाय दुमडत नव्हता, तो त्याने बाजूला लांब केला, आणि बोकडाचे पाय दोन्ही हातांनी धरले.

"काढा रे आते फोटो," तो मान वर न करता म्हणाला.

कोणी काढला नाही. चाचांनी फडकं सोडलं आणि त्याला पाय अजून जरा घट्ट धरायला सांगितलं.