एजेचा हात

शेवटच्या दिवशी सकाळी एजेनं, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीनं, बुरुलचानं, नवं शिरदाक गुंडाळून माझ्या खांद्यावर दिलं. छातीचं दुखणं वाढलेलं, दोन शब्द बोलली की दम लागायचा. म्हणाली, झुराकान आपांना दाखवून ये.

आमच्यात लोकर लाटून ही शिरदाकं, जाड जाजमं, बायकाच शिवतात, आणि कुणाचं चांगलं ते झुराकान आपा सांगतात. एजे सून म्हणून आली त्या साली तिची लोकर पावसात सापडली, पहिलं जाजम फुगलं. आपा म्हणाल्या, हात सैल आहे. झालं. एजेचे केस पिकले तरी हात सैलच. आणि शेजारच्या अनिपाची आई नावाजलेली, म्हणून अनिपानं काहीही शिवलं की आईचा हात. अनिपा स्वतःच म्हणायची, माझं जाजम गाढवसुद्धा पाठीवर घेणार नाही. एजेला फक्त एकदा आपांच्या तोंडून बरं ऐकायचं होतं.

मी गेले तर आपा दह्याचे गोळे वाळत घालत होत्या. गुंडाळी सोडलीच नाही. वरून बोटानं दाबून बघितलं. "बिचारी. हात सैल तो सैलच." मला चहा दिला तोही वाटी काठोकाठ भरून. पाहुण्याला आपण अर्धीच देतो, भरली म्हणजे पी आणि नीघ.

घरी एजेनं विचारलं, "उलगडून बघितलं का गं?"

मी म्हटलं, वरून बोटानं दाबलं.

"असू दे. बोट तरी लावलं."

संध्याकाळी गाईंची धार काढायच्या आधी एजे गेली.

माती दिल्यावर बायका तंबूत चहाला बसल्या. होतं नव्हतं ते सगळं अंथरलेलं, ते जाजमपण. आपा त्यावरच बसल्या. खूप रडल्या, खोटं कशाला बोलू. मग डोळे पुसता पुसता खाली हात फिरवायला लागल्या, परत परत. शेजारी बसलेल्या अनिपाला म्हणाल्या, "तू आणलंस होय? वाटलंच मला. आईचा हात गं बाई."

"माझं नाही आपा. बुरुलचाचं आहे."

आपांचा हात थांबला. कड उलटी करून टाके बघितले. लई वेळ बघितले.

"शेवटाला तू मदत केली असशील," म्हणाल्या.

अनिपा मान हलवत राहिली, नाही नाही, आणि रडायला लागली. चहाची किटली माझ्याच हातात होती. मी आपांची वाटी काठोकाठ भरली.