पहिलीच्या बाईंचं वजन

आमच्या शाळेतल्या पहिलीच्या बाईंनी हे जग घडवलं असतं, तर पुरतं व्हायच्या आधीच पोरांच्या हातात देऊन विचारलं असतं, "दाबून बघा रं, जमलंय का?" लोहारा तालुक्यातल्या आमच्या शाळेत मी चौथीला शिकवायचो, त्या पहिलीला. मधे एक भिंत. पण वीस वर्षांत मला फळ्यावर जमलं नाही, ते या बाई दुपारच्या सुट्टीआधी घडवून आणत. गोल म्हणजे काय हे कळावं म्हणून त्यांनी पोरांना भाकरी थापायला बसवलं. एकही गोल झाली नाही. बाई खूश! "आता कळलं का, गोल किती अवघड असतंय?" आणि ते सगळे वेडेवाकडे नकाशे भाजून सगळ्यांनी चटणीबरोबर खाल्ले. मापं शिकवताना मुख्याध्यापकांना व्हरांड्यात आडवं करून वितींनी मोजलं. साहेब निमूट झोपून राहिले.

एका वर्षी त्यांच्या वर्गात शबाना होती. घरी दखनी बोलायची. शाळेत मात्र जूनपासून दिवाळीपर्यंत एक अक्षर नाही. तिची अम्मी रोज शाळेच्या दारात घुटमळायची. "पोरगी मुकी तर न्हाय ना ओ, बाई?" मीही म्हटलं, डॉक्टरला दाखवा. बाई म्हणाल्या, "तिला बोलावंसं वाटंल असं आपण अजून काही केलंच न्हाय, सर."

मग जड-हलकं शिकवायचा दिवस आला. बाईंनी अंगणात दगडावर फळी आडवी टाकली आणि एका टोकाला स्वतः बसल्या. बाई चांगल्या भरभक्कम. "सांगा, मी किती पोरांची?" दुसऱ्या टोकाला दोघं चढली, तिघं, चौघं. बाईंचं टोक नुसतं थरथरलं. माझी चौथी खिडकीला लटकलेली, मीही त्यांच्यात. तेवढ्यात अंगणातल्या पोरांच्या मागून बारीक आवाज आला,

"और एक होना, बाई. मैं बैठूं?"

शबाना चढली आणि बाई वर गेल्या. "पाच!" पोरं ओरडली. दारात अम्मी तोंडाला ओढणी लावून रडत होती. मी धावत जाऊन बाईंना उतरायला हात दिला, तर त्या वरूनच डोळे पुसत म्हणाल्या, "थांबा हो सर. तिला जरा जड राहू द्या."

यंदा बाईंची येरमाळ्याकडं बदली झाली. पहिली आता माझ्याकडं आहे. "तुमचा वर्ग छान शांत असतो," असं मुख्याध्यापक कौतुकानं म्हणतात. मी मान डोलावतो, वर्गात जातो आणि खडू खाली ठेवून विचारतो, "कुणाला काही करून बघायचंय का रं?"

पोरं आधी एकमेकांकडं बघतात, मग माझ्याकडं.