ताईच्या पाठीमागचा ॲम्प

गिटारच्या ॲम्पच्या, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या त्या डब्ब्याच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. उभी नोकरी विजेच्या कामात गेली, शेवटची दहा वर्षं मौद्याच्या वीज केंद्रात, आणि गिटार तर कॉलेजपासून मांडीवर आहे. शेंबूड पुसता येत नव्हता तेव्हापासून मी वाल्वचे रेडिओ उघडत आलो. त्यामुळे साठीला टेकताना का होईना, खराखुरा वाल्वचा, म्हणजे आजची पोरं ज्याला ट्यूबचा म्हणतात तो ॲम्प घ्यायचं ठरलं, तेव्हा मी कोणाचा सल्ला घेतला नाही. द्यायला मात्र अर्धं नागपूर तयार होतं.

घ्यायचं कारण होती ताई, माझी मोठी बहीण. आमच्या वस्तीतली गायन पार्टी तिची. पेटी वाजवत तीच गाते, बाकी आम्ही सगळे तिच्या मागं बसणारे. ढोलकवाला, कोरसच्या दोन बाया आणि गिटारवर मी. जयंतीचा महिना आला की आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते. पण मागच्या हिवाळ्यात ताईच्या गळ्याचं, थायरॉईडचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तीन महिन्यांनी ती पेटीवर बसली आणि आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचेचना. मार्चमधल्या एका कार्यक्रमात गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "बाई, आवाज वाढवा!" ताईनं ते गाणं पूर्ण केलं, चपला घातल्या, आणि ऑटोत बसल्यावर मला म्हणाली, "तुह्या डब्ब्यात माहा आवाज बुडून राहिला गा. यंदाच्या जयंतीत नाही चाललं तर पेटी बंद. मंग मले कोणी बोलवाले येऊ नका."

ताई असं उगाच बोलत नाही. अंगणवाडीची नोकरी करून, नवरा गेल्यावर दोन पोरं एकटीनं वाढवून ती तीस वर्षं गात आली. ताप असताना गायली, घरात मयत होऊन आठ दिवस झाले नव्हते तेव्हा गायली. ती पेटी बंद करून घरात बसली तर दिवसभर करेल काय? म्हटलं, दोष डब्ब्याचा आहे ना, मग डब्बा बदलू. तो जुना ट्रान्झिस्टरचा ॲम्प तसाही वाजायचा कमी आणि कुरकुरायचा जास्त.

कळमेश्वरला औद्योगिक वसाहतीत एक साहेब होते. कारखान्यातून रिटायर झालेले, हौशी गिटारवाले, आणि आता मुलाकडे कायमचे निघालेले. त्यांच्याकडे दोन ॲम्प होते. एक अमेरिकन, एक विलायती, दोन्ही जुन्या घडणीचे. "एक तुम्ही ठेवा," ते म्हणाले, "दुसरा पुण्याचा एक जण रविवारी नेणार आहे. दोन्ही घरी न्या, वाजवून बघा, आणि कोणता ते शनिवारपर्यंत सांगा." असा भला माणूस मी दुसरा पाहिला नाही. दोन्ही माझ्या व्हॅनमध्ये चढवले. विलायती उचलताना कंबरेतून अशी कळ गेली की बाप आठवला.

आता दोघांचा स्वभाव सांगतो. अमेरिकन स्वच्छ. तार छेडली की सूर नुकताच धुतल्यासारखा बाहेर येतो, आणि आत बसवलेल्या स्प्रिंगांमुळे त्याच्यामागं थोडा घुमारा राहतो. तिकडं विजेचा दाब आपल्या निम्मा, म्हणून मध्ये ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो, नाहीतर भिंतीत खुपसला की धूर. ते काम माझ्या डाव्या हातचा मळ. विलायती जाड, भरीव. मधले सूर छाती काढून उभे, आणि आवाज वाढवला की गुरगुरायला लागतो. लोक म्हणतात, ज्याला बटणं जास्त त्याच्यावर सगळं वाजतं. काही खरं नाही त्यात. विलायतीवर गिटारचंच बटण थोडं मागं फिरवलं की तो शहाण्यासारखा बोलतो, पुढं फिरवलं की भांडायला उठतो. एका बोटात दोन माणसं. अमेरिकन कितीही वाढवा, सभ्यपणा सोडत नाही, पण त्याच्यावर भजन वाजवा, कव्वाली वाजवा, लग्नाची वरात वाजवा, सगळं निमूट घेतो. माझं मन विलायतीवर होतं. कॉलेजात घासून घासून ऐकलेल्या कॅसेटमधली ती गुरगुर चाळीस वर्षं डोक्यात होती, आणि आता ती माझ्या व्हॅनमध्ये होती.

पण एक गोष्ट हे ॲम्प बनवणाऱ्यांनी विचारात घेतलेली नाही. ते लोक उभं राहून वाजवतात. ॲम्प जमिनीवर आणि त्याचं तोंड गुडघ्याकडं. आम्ही बसून वाजवतो. सतरंजी टाकायची, मांडी घालायची, आणि मागं ठेवलेल्या ॲम्पचं तोंड बरोब्बर कानाशी. कळमेश्वरला मी उभं राहून वाजवलं तेव्हा अमेरिकन गोड लागला होता. घरी येऊन खाली बसलो तर कानात सुई टोचल्यासारखा. एवढा मी जाणता, पण हे तिथं सुचलं नाही. चला, म्हटलं, विलायतीच्या बाजूनं आणखी एक मत पडलं.

गुरुवारी दुपारी दोन्ही ॲम्प ताईच्या बैठकीत नेले. ढोलकवाल्यालाही बोलावलं. एप्रिलचं ऊन, तरी कूलर बंद केला, कारण त्याच्या घरघरीत काय कळणार? मी ताईच्या मागं बसलो, मोबाईल रेकॉर्डिंगला लावून खिडकीत ठेवला आणि आधी अमेरिकन सुरू केला. ताईनं काळी पाच धरली. पेटीची पाचवी काळी पट्टी, तिथं सा. बाईमाणसासाठी ती उंचच, आणि ताईचा सगळा रुबाब त्या पट्टीत. पहिल्या दोन ओळी बऱ्या गेल्या. तिसरी ओळ वर चढली आणि आवाज मध्येच तुटला. ढोलकवाल्याचा हात थांबला. खोलीत कोणी कोणाकडं बघेना.

"बाप्पा, केवढं टोचते हे," ताई कपाळाचा घाम पुसत म्हणाली. "काढ ते. दुसरं लाव."

विलायती लावला. तेच गाणं, तीच पट्टी. तिसरी ओळ आली, माझी गिटार भरून वाजली, आणि ओळ पार पडली. कुठं काही तुटलं नाही. ढोलकवाल्यानं मान डोलावली. ताई वळून हसली, ऑपरेशननंतर पहिल्यांदा अशी मोकळी हसली. "हाच घे गा. हाच पाहिजे मले." मला आणखी काय हवं होतं? माझंही मन त्याच्यावर, तिचंही त्याच्यावर. घरी जाताना मी व्हॅनमध्ये शीळ घालत होतो.

शुक्रवारी सकाळी चहा पिता पिता ते रेकॉर्डिंग लावलं, आपणच आपलं कौतुक करावं म्हणून. आधी विलायती ऐकला. तिसरी ओळ आली आणि कप हातातच राहिला. त्या ओळीत ताईचा आवाज तुटला नव्हता, कारण त्या ओळीत ताई नव्हतीच. नुसती माझी गिटार होती. तीन वेळा मागं नेऊन ऐकलं. जिथं तिचा सूर असायला हवा तिथं माझा जाड सूर मांडी ठोकून बसला होता. मग अमेरिकनचं ऐकलं. तुटल्याचं तर स्वच्छ ऐकू येत होतं, पण त्याच्या आधीच्या दोन ओळींत, खालच्या सुरांत, असा काही आवाज लागला होता की मी चहा विसरलो. जड, पिकलेला, आधी कधी न ऐकलेला. गळा गेला नव्हता. गळा खाली उतरला होता, आणि ताई त्याला ओढून वर नेत होती.

आमच्याकडं गाणाऱ्याची पट्टी गाणाराच ठरवतो. मागं बसणाऱ्यानं त्यावर बोलायचं नाही. तीस वर्षं ताई पेटीवर बोट ठेवायची आणि आम्ही मुकाट तिच्यामागं जायचो. त्यातून ती मोठी बहीण. म्हणून पार्टीतल्या प्रत्येकाला आतून कळत असणार, पण सगळ्यांनी शिव्या घातल्या त्या माझ्या डब्ब्याला. मीही घातल्या. विलायती घेतला असता तर कोणालाच काही बोलावं लागलं नसतं. गाणं पार पडलं असतं, टाळ्या पडल्या असत्या, आणि माझी बहीण माझ्याच गिटारीखाली गाडली गेली असती. माझा मलाच असा राग आला की दिवसभर घरात कोणाशी धड बोललो नाही.

शनिवारी सकाळी अमेरिकन आणि मोबाईल घेऊन तिच्या दारात उभा राहिलो. ताई लोणच्यासाठी कैऱ्या चिरत होती. आधी विलायतीचं रेकॉर्डिंग ऐकवलं, मग अमेरिकनचं. तिचा विळीवरचा हात थांबला.

"हे काहून ऐकवून राहिला मले?"

"ताई, तो विलायती तुले झाकते. तिसऱ्या ओळीत तू ऐकूच येत नाही."

"मंग? चांगलं आहे ना. झाकू दे."

"नाही झाकू देत मी. डब्ब्याचा दोष नव्हता. तुहा गळा बदलला. काळी पाच आता सोड."

ताईनं माझ्याकडं असं पाहिलं की मी साठीचा नसून सहा वर्षांचा आहे असं वाटलं. "मोठा आला शहाणा! तीस वर्षं माह्या मागं बसला, आता मले पट्टी सांगतं? म्हातारी झाली म्हण ना सरळ!"

"म्हातारी झाली असती तर बोललो नसतो," मीही चढ्या आवाजात म्हणालो, "चांगलं गाऊन राहिली म्हणून बोलून राहिलो!"

ती उठून आत गेली. स्वयंपाकघरात भांडी आपटल्याचा आवाज येत राहिला. मी म्हटलं, आता जायचं नाही. आलोच आहे तर काम करून जायचं. ॲम्प तिच्या पाठीमागं न ठेवता बाजूच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवला, तोंड तिरपं करून खिडकीकडं फिरवलं, म्हणजे बसलेल्याच्या कानात सरळ घुसणार नाही. वाजवून पाहिलं. टोचणं गेलं आणि स्वच्छपणा राहिला. एवढी साधी गोष्ट होती.

बऱ्याच वेळानं ताई बाहेर आली. डोळे लाल होते. कैरीच्या हातानं चोळले असतील असं मी धरून चाललो. पेटीसमोर बसली, काळी पाच दाबली आणि गायली. तिसऱ्या ओळीला तुटलं. पुन्हा गायली, पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा नुसता भाता हलवत राहिली. बोटं पट्ट्यांवर होती, पण दाबत नव्हती.

"सांग मंग," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "कोणती घेऊ?"

जन्मात तिनं मला असं काही विचारलं नव्हतं. क्षणभर वाटलं, सांगूच नये, विलायती आणून ठेवावा आणि मोकळं व्हावं. पण मी सांगितलं, "काळी तीन." तिनं बोट खाली नेलं आणि गायली. त्या गाण्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. शेजारची बाई कपडे वाळत घालायचं सोडून दारात येऊन उभी राहिली, एवढं सांगतो. मी त्याच दुपारी कळमेश्वरला फोन केला, अमेरिकन ठेवतो म्हणून. संध्याकाळी विलायती परत नेऊन दिला. जीव तुटला, खोटं काहून बोलू? पण निवड माझी पक्की होती, आणि आजही कोणी विचारलं तर तीच सांगेन.

जयंतीच्या संध्याकाळी वस्तीच्या चौकात स्टेज होतं. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, लहान पोरांचा कालवा, आणि पुढच्या सतरंजीवर बाया पुठ्ठ्यांनी वारा घेत बसलेल्या. ॲम्प बाजूला तिरपा ठेवला. साऊंडवाल्यानं तो ताईच्या मागं सरकवायला हात घातला, तर मी त्याच्यावर खेकसलोच. ताई बसली, माईक जवळ ओढला आणि काळी तीन धरली. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. तिसरी यायला लागली तशी माझी हिंमत सुटली. स्वतःला एवढा जाणता समजणारा मी, पण वाटलं, या ओळीवर आपला एकही सूर पडू नये, नाहीतर ती पुन्हा बुडेल. मी तारांवर तळवा ठेवला आणि थांबलो.

नुसत्या ढोलकच्या ठेक्यावर ताई एकटी वरच्या सुरात गेली. आवाज अखंड गेला, चौक ओलांडून पलीकडच्या गच्चीवर बसलेल्यांपर्यंत गेला. पुढच्या बायांचे पुठ्ठे हातातच राहिले. मी मात्र तसाच, तळवा तारांवर दाबून, खाली मान घालून बसलेला.

ओळ संपली. ताईनं पेटीवरचा हात न काढता मान मागं वळवली. माईक चालूच होता, म्हणून अख्ख्या वस्तीनं ऐकलं.

"थांबला काहून गा? वाजव ना. मी आहो ना."